वारसा इंकांचा, निर्णय कुणाचा?

२०२१ च्या मार्च महिन्यात पेरूमधला केस्वाचाकाचा झुलता पूल तुटून आपूरिमाक नदीत पडला. हा पूल गवताचा आहे. इंकांची जुनी राजधानी असलेल्या कुस्कोच्या दक्षिणेला, कानास प्रांतात, दोन कड्यांच्या मध्ये साधारण २८ मीटर लांबीचा. स्पॅनिश येण्याआधी अँडीज पर्वतात राज्य करणाऱ्या इंकांच्या काळापासून तो दर वर्षी जूनमध्ये नव्याने विणला जातो आणि जुना पूल कापून नदीत सोडून दिला जातो. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीमुळे विणणाऱ्या गावांना एकत्र येता आलं नाही. एक जून चुकला आणि पुढच्या पावसाळ्यात पूल गेला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये गावकऱ्यांनी दोन्ही काठांवर उभं राहून तो पुन्हा बांधला.

उइंचिरी, चाउपिबांदा, चोकायहुआ आणि कोयाना केहुए ही ती गावं. पुलासाठी लागणारं उंच डोंगरातलं चिवट गवत आधी कापायचं, दगडाने चेचायचं, पाण्यात भिजवायचं. मग बायका ते दोन तळव्यांमध्ये वळून बारीक दोरी काढतात. प्रत्येक घराने किती दोरी आणायची हे ठरलेलं असतं. या दोऱ्यांचे पीळ घालून जाड दोर होतात, त्यांचे आणखी पीळ घालून मांडीएवढे मुख्य दोर. चार पायाखाली, दोन हातांशी. पुरुषांच्या रांगा ते ओढून ताणतात, दगडी खांबांना बांधतात. शेवटी विणकामातले जाणते दोन टोकांनी निघतात आणि बाजूच्या जाळ्या विणत मध्यावर येऊन भेटतात. काम सुरू होण्याआधी गावाचा पुजारी पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, नैवेद्य दाखवतो. तीन दिवस काम, चौथ्या दिवशी नाच-गाणं. शेजारीच वाहनांसाठी लोखंडी पूल आहे, त्यामुळे गवताच्या पुलावाचून आज कुणाचं अडत नाही. तरीही घराघरातून दोरी येते.

युनेस्कोने २०१३ मध्ये या परंपरेला अमूर्त वारशाचा दर्जा दिला. चांगलंच झालं. पण दर्जा असूनही २०२१ मध्ये पूल पडला, कारण त्याला धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे ती चार गावं आणि त्यांचं जमणं. इंकांच्या वारशाबद्दल मला जे म्हणायचं आहे त्याचा गाभा इथे आहे. या वारशाला जिवंत वारसदार आहेत. पेरूच्या २०१७ च्या जनगणनेत सुमारे ३८ लाख लोकांनी आपली मातृभाषा क्वेचुआ असल्याचं नोंदवलं. बोलिव्हिया आणि एक्वादोरमधले वेगळेच. असं असताना इंकांच्या नावावर जे मिरवलं जातं आणि विकलं जातं, त्याचे निर्णय राजधानी लिमात होतात, परदेशी संस्थांच्या बैठकांत होतात, गुंतवणूकदारांच्या कार्यालयांत होतात. या निर्णयांमध्ये क्वेचुआ गावांना नुसता मान देऊन भागणार नाही. त्यांना मत हवं, आणि वेळ पडली तर नाही म्हणण्याचा अधिकार हवा.

मेल्या म्हशीला मणभर दूध, असं आपण म्हणतो. पेरूने गेल्या दोनशे वर्षांत इंकांच्या बाबतीत नेमकं हेच केलं आहे.

इंकांबद्दल लिहिताना बहुतेक जण एकाच आश्चर्याने सुरुवात करतात: चाक नव्हतं, लोखंड नव्हतं, लिपी नव्हती, तरी एवढं साम्राज्य कसं उभारलं? या प्रश्नाने सगळं लक्ष जे नव्हतं त्याच्याकडे जातं आणि जे होतं ते नजरेआड होतं. तावांतिनसुयू, म्हणजे इंकांचं चार भागांचं राज्य, आजच्या कोलंबियाच्या दक्षिण टोकापासून चिलीच्या मध्यापर्यंत पसरलेलं होतं. त्याला जोडणारं काप्याक न्यान हे रस्त्यांचं जाळं सुमारे ३०,००० किलोमीटरचं. सहा देशांतून जाणाऱ्या या रस्त्यांना २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. रस्त्यांवर ठरावीक अंतराने मुक्कामाच्या जागा, निरोप पोचवणारे धावपटू, आणि डोंगरउतारांवर धान्याची कोठारं. थंड वाऱ्याच्या जागी बांधलेल्या या कोठारांत मका आणि चुन्यो, म्हणजे रात्रीच्या हिमात गोठवून आणि दिवसाच्या उन्हात सुकवून वर्षानुवर्षं टिकणारा बटाटा, साठवलेला असे. दुष्काळ पडला, सैन्य निघालं, की कोठारं उघडत.

हे सगळं चालत होतं मितावर. मिता म्हणजे पाळीपाळीने द्यायचं श्रमदान. पैसा नव्हता, बाजार जवळपास नव्हता. कर म्हणून प्रत्येक घराने ठरलेले दिवस राज्याचं काम करायचं आणि त्या दिवसांत राज्याने त्यांना खाऊ-पिऊ घालायचं. गावपातळीवर आय्यू हा नातेवाइकांचा आणि सामाईक जमिनीचा गट. त्यात आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, असा आयनीचा व्यवहार. इंकांनी ही पद्धत शोधून काढली नाही. ती अँडीजमध्ये त्यांच्या कितीतरी आधीपासून होती. त्यांनी ती साम्राज्याच्या मापाने वाढवली. पंधराव्या शतकात पाचाकुतीच्या काळात कुस्कोचा विस्तार सुरू झाला आणि १५३२ मध्ये स्पॅनिश आले, म्हणजे साम्राज्याला मिळाली जेमतेम शंभर वर्षं. आय्यू आणि आयनी मात्र साम्राज्याआधीही होते, नंतरही राहिले. केस्वाचाकाच्या पुलावर आज दिसतो तो त्यांचाच व्यवहार.

हिशेब ठेवायला खिपू होते. एका मुख्य दोरीला लोंबणाऱ्या अनेक दोऱ्या. गाठींचा प्रकार, जागा, रंग, पीळ या सगळ्याला अर्थ. गाठींतली दशमान पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडली. बाकीचं बरंच अजून उलगडलेलं नाही, पण म्हणून ते मुकं होतं असं समजण्याचं कारण नाही. १५८३ मध्ये लिमातल्या धर्मपरिषदेने खिपू मूर्तिपूजेशी जोडलेले म्हणून नष्ट करायला सांगितले. एखाद्या समाजाचं दफ्तर जाळायचं आणि मग शतकानुशतकं पाठ्यपुस्तकांत लिहायचं की त्यांना लेखन येत नव्हतं, यातला अन्याय मला फार खुपतो. लिमाच्या वरच्या डोंगरात सान हुआन दे कोयाता नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांनी दोन खिपू पिढ्यान् पिढ्या एका लाकडी पेटीत जपले आणि स्वतःहून बोलावून एका अभ्यासक बाईंना दाखवले. ती पूर्वजांची पत्रं आहेत, असं गावाचं म्हणणं होतं. २०१७ मध्ये त्या संशोधनाने खिपूंमध्ये आकड्यांपलीकडचा मजकूर असण्याची शक्यता गांभीर्याने पुढे आणली. जगातला खिपूंचा सर्वांत मोठा संग्रह बर्लिनच्या संग्रहालयात आहे. पण तिथल्या खिपूंबरोबर त्यांची आठवण सांगणारं कुणी नाही.

इथे एक आक्षेप रास्त आहे. इंकांचं राज्य काही रामराज्य नव्हतं. जिंकलेल्या लोकांना ते हजारो किलोमीटर दूर नेऊन वसवत. डोंगरशिखरांवर मुलांचे बळी देत. १९९९ मध्ये अर्जेंटिनातल्या युयायाको ज्वालामुखीवर, ६,७०० मीटरपेक्षा उंच, गोठलेल्या अवस्थेत तीन मुलं सापडली, ती पाहताना कुणाचाही घसा दाटून येईल. स्पॅनिश आले तेव्हा कान्यारी आणि हुआंका यांच्यासारखे समाज त्यांना जाऊन मिळाले, कारण इंकांचं जू त्यांना नको होतं. मूठभर स्पॅनिश शिपायांनी साम्राज्य बुडवलं ही कथा या हजारो स्थानिक साथीदारांना वगळून सांगितली जाते. आजचे सगळे क्वेचुआ भाषक इंकांच्या रक्ताचे नाहीत, हेही खरं. कित्येक जण तर इंकांनी जिंकलेल्यांचे वंशज. मग यांचा हक्क कसा?

माझा दावा रक्ताचा नाहीच, कष्टाचा आहे. माचू पिक्चू या डोंगरावरच्या इंका नगरीचे दगड सम्राटाने वाहिले नाहीत. ते पाळीवर आलेल्या माणसांनी वाहिले, आणि त्या माणसांची शेती, भाषा, पाणी वाटून घेण्याची रीत, डोंगरांना देव मानण्याची श्रद्धा या क्वेचुआ गावांत टिकून आहे. राजघराण्याचा वारसा शोधायला गेलात तर तो १५७२ मध्ये संपला. लोकांचा संपलेला नाही.

आणि तो संपावा म्हणून प्रयत्न काही कमी झाले नाहीत. १५३२ च्या नोव्हेंबरात काहामार्काच्या चौकात स्पॅनिश सेनानी पिझारोने इंका सम्राट आताहुआल्पाला पकडलं. सुटकेसाठी त्याने खोलीभर सोनं देऊ केलं आणि दिलंही. सुमारे ६ टन सोनं आणि ११ टनांहून जास्त चांदी भट्टीत वितळवली गेली, आणि १५३३ मध्ये त्याला मारलंच. १५७२ मध्ये स्पेनच्या राजाचा प्रतिनिधी, व्हाइसरॉय तोलेदो याने शेवटच्या राजाचा, तुपाक अमारूचा, कुस्कोच्या चौकात शिरच्छेद केला. याच तोलेदोने मिता मोडली नाही, ती वाकवली: पोतोसीच्या चांदीच्या खाणीत माणसं पाठवण्यासाठी. जिच्यात राज्य कामकऱ्याला जेवू घालत होतं ती पद्धत माणसं गिळणारी झाली. १७८० मध्ये होसे गाब्रिएल कोंदोरकांकी याने दुसरा तुपाक अमारू म्हणून बंड केलं. १७८१ च्या मे महिन्यात त्याच कुस्कोच्या चौकात त्याची हालहाल करून हत्या झाली. त्याच्याबरोबर शिक्षा झाली ती एका संस्कृतीला. अरेचे या स्पॅनिश अधिकाऱ्याच्या निकालपत्राने इंका पोशाख घालायला बंदी केली, घरांतली इंका राजांची चित्रं उतरवायला लावली, इंकांच्या आठवणी जागवणारी नाटकं बंद केली आणि क्वेचुआ सोडून स्पॅनिश बोलण्याची सक्ती करायला सांगितली.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलायला हवं होतं. नव्या प्रजासत्ताकाच्या कवींनी आणि सेनापतींनी इंका सूर्याची गाणी गायली, स्पेनविरुद्धचा लढा हा इंकांचा सूड असल्याचं सांगितलं. त्याच प्रजासत्ताकाने डोंगरातल्या शेतकऱ्यांवर ‘इंडियन’ म्हणून वेगळा कर पुन्हा लावला आणि तो १८५४ पर्यंत वसूल केला. तेव्हापासून ही दुफळी कायमची झाली. एका बाजूला थोर, मेलेला, सोन्याचा इंका. दुसऱ्या बाजूला शेणामातीत राबणारा ‘इंडियन’, ज्याचा त्या थोर माणसाशी काही संबंध नाही असं गृहीत धरलेलं. निरक्षरांना मताधिकार १९७९ च्या राज्यघटनेने दिला. शाळा स्पॅनिशमध्ये, तीही बहुतेक डोंगराळ गावांत उशिरा आलेली. म्हणजे निरक्षर कोण हे वेगळं सांगायला नको. क्वेचुआला १९७५ मध्ये वेलास्कोच्या लष्करी सरकारने अधिकृत भाषेचा दर्जा दिला, ही त्या सरकारची मोठी गोष्ट. पण न्यायालयात, दवाखान्यात, पोलीस चौकीत ती भाषा पोचली नाही.

न पोचण्याची किंमत काय असते? १९८० ते २००० या काळात शायनिंग पाथ हा माओवादी गट आणि सरकारी फौजा यांच्यात पेरू भरडून निघाला. सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये मृत आणि बेपत्तांचा अंदाज ६९,२८० असा दिला. त्यातल्या दर चार बळींपैकी तिघांची मातृभाषा क्वेचुआ किंवा दुसरी एखादी देशी भाषा होती. १९९३ च्या जनगणनेत अशा भाषकांचं प्रमाण देशात १६ टक्क्यांच्या आसपास होतं. एवढी माणसं मेली तरी लिमाला त्याची पुरती जाणीव झाली नाही, हे आयोगानेच नोंदवलं आहे. हे आकडे मी मुद्दाम इथे, इंकांवरच्या लेखात, ठेवतो आहे. ज्या दशकांत माचू पिक्चूला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली (१९८३), त्याच दशकांत आयाकुचोच्या डोंगरात ही माणसं मारली जात होती. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात राष्ट्राध्यक्ष फुहिमोरी यांच्या सरकारच्या नसबंदी मोहिमेत अडीच लाखांहून जास्त स्त्रियांच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या हजारोंनी आपल्याला न विचारता किंवा धाकाने हे केलं गेल्याचं सांगितलं, आणि तक्रार करणाऱ्यांत ग्रामीण, क्वेचुआ बोलणाऱ्या स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान गिदो बेयिदो विश्वासमतासाठी संसदेत उभे राहिले आणि क्वेचुआतून बोलू लागले. सभागृहात आरडाओरड झाली. अध्यक्षांनी त्यांना मध्येच अडवून भाषांतर करायला सांगितलं. बेयिदोंच्या राजकारणाची बाजू मला घ्यायची नाही, त्यात आक्षेपार्ह खूप आहे. प्रश्न भाषेचा आहे. दर वर्षी २४ जूनला कुस्कोत इंती रायमी, म्हणजे सूर्याचा उत्सव, साजरा होतो. स्पॅनिशांनी बंद पाडलेला हा सोहळा १९४४ मध्ये कुस्कोच्या लोकांनी पुन्हा सुरू केला. साक्सायवामानच्या प्रचंड दगडी भिंतींसमोर सम्राटाचं काम करणारा नट क्वेचुआत सूर्याला आळवतो आणि तिकीट काढून बसलेले हजारो प्रेक्षक, ज्यांतल्या बहुतेकांना शब्दही कळत नाही, टाळ्या वाजवतात. तिथे कुणी भाषांतर मागत नाही. नटाच्या तोंडी जी भाषा देशाचा अभिमान होते, ती संसदेत अडचण होते.

डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष कास्तियो यांनी संसद बरखास्त करायचा प्रयत्न केला, त्यांना हटवून अटक झाली आणि दक्षिणेकडच्या प्रांतांत निदर्शनं पेटली. पुढच्या दोन-तीन महिन्यांत सुरक्षा दलांच्या कारवाईत जवळपास ५० जण मारले गेले. ९ जानेवारी २०२३ ला एकट्या हुलियाका शहरात एका दिवसात किमान १७. मेलेले बहुतेक आयाकुचो, आपूरिमाक, पुनो, कुस्को भागातले, क्वेचुआ आणि आयमारा समाजातले. जगभरच्या वृत्तवाहिन्यांवर मात्र पेरू ठळकपणे झळकला तो २१ जानेवारीला, माचू पिक्चू बंद झालं आणि काहीशे पर्यटक अडकले तेव्हा. आपल्याकडच्या बातम्यांतही तेच. दगड बंद झाले हे कळलं. माणसं का रस्त्यावर आली हे विचारायला फारसं कुणी थांबलं नाही.

माचू पिक्चूचा व्यवहार कसा चालतो हे पाहिलं की निर्णयाचा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. तिथे जाणाऱ्या इंका ट्रेल या पायवाटेवर रोज ५०० जणांनाच सोडतात. त्यांतले पर्यटक साधारण २००. उरलेले वाटाडे, स्वयंपाकी आणि हमाल. तंबू, गॅस, भांडी, खाणं पाठीवर घेऊन चार हजार मीटरच्या खिंडी चढणारे हे हमाल जवळपास सगळे क्वेचुआ खेड्यांतले शेतकरी. त्यांच्या पाठीवर २० किलोंपेक्षा जास्त वजन देऊ नये हा कायदा यायला २००१ साल उजाडलं, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी त्यांच्या संघटनांना पुढेही झगडावं लागलं. जुन्या मितात पाळीवर आलेल्याला राज्य जेवू घालायचं. इथे दिवसाच्या शेवटी, सगळ्यांचं झाल्यावर, उरलेलं हमालाच्या वाट्याला येतं अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत आल्या. अवशेषांच्या पायथ्याच्या गावाला सडक नाही. पोचायचं ते पायी किंवा रेल्वेने, आणि रेल्वे १९९९ पासून खासगी हातात. २०२४ च्या जानेवारीत तिकीटविक्री एका खासगी ऑनलाइन कंपनीकडे देण्याचा निर्णय सरकारने घेतला तेव्हा या गावाने रूळ अडवून संप केला. सरकारला तो करार गुंडाळावा लागला. त्या संपाला ‘पर्यटनाचं नुकसान’ म्हणून नाकं मुरडली गेली. माझ्या दृष्टीने, आपल्या दारातल्या वारशाबद्दल आपल्यालाही विचारा, एवढंच ते लोक सांगत होते.

आता सगळ्यांत अवघड उदाहरण घेतो, कारण माझ्या म्हणण्याची कसोटी तिथे लागते.

कुस्कोहून तासाभरावर, सुमारे ३,७६० मीटर उंचीवर चिंचेरो नावाचं गाव आहे. तुपाक इंका युपांकी या सम्राटाची ही खासगी जहागीर. त्याच्या वाड्याच्या भिंतींवर स्पॅनिशांनी चर्च उभारलं. खाली अजूनही पायऱ्यापायऱ्यांची शेतं उतरत जातात. इथल्या बायका मुळी किसून तिच्या फेसात लोकर धुतात, निवडुंगावरच्या कोचिनीयल किड्यापासून लाल रंग काढतात आणि कमरेला बांधलेल्या मागावर विणतात. कुस्कोचा सध्याचा विमानतळ शहराच्या वेढ्यात सापडला आहे, म्हणून चिंचेरोच्या पठारावर आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधायचं ठरलं. २०१९ च्या सुरुवातीला जमीन खणायला प्रारंभ झाला, त्याच वर्षी दक्षिण कोरियाच्या सरकारशी करार झाला. देशोदेशीच्या इतिहासकारांनी, पुरातत्त्वज्ञांनी राष्ट्राध्यक्षांना निवेदन दिलं: हे थांबवा, इंका भूदृश्य उद्ध्वस्त होईल, कुस्कोला पाणी पुरवणाऱ्या पिउराय तलावावर परिणाम होईल.

या विरोधातला प्रत्येक मुद्दा मला पटतो. पाण्याचा तर सर्वांत जास्त. आणि आकड्यांचं गणितही जमत नाही. माचू पिक्चूला आज दिवसाला ४,५०० माणसं जाऊ शकतात, गर्दीच्या ठरावीक दिवशी ५,६००. म्हणजे वर्षाला १६-१७ लाख. ही मर्यादाही, एके काळी २,५०० ठरलेली असताना, वाढवत वाढवत इथवर आणलेली. विमानतळ मात्र वर्षाला ५० लाखांहून जास्त प्रवाशांसाठी आखला आहे. येणारे आणि जाणारे दोन्ही मोजले, कुस्कोचे रहिवासी वेगळे काढले, तरी हा ताण जाणार कुठे? मर्यादा आणखी वाढवण्याच्या मागणीकडेच.

पण यानाकोना, आय्योपोंगो आणि राची आय्यू या तिथल्याच क्वेचुआ समाजांनी सरकारला जमीन विकली आहे. विमानतळ हवा असं म्हणणारे चिंचेरोत पुष्कळ आहेत. मग क्वेचुआ गावांचं ऐका असं म्हणणाऱ्या माझ्यासारख्याने काय करायचं? त्यांचं ऐकायचं ते आपल्याला आवडेल असं बोलले तरच?

नाही. लाल उपरणं घेऊन मागावर बसलेली बाई आपल्या कॅमेऱ्यासाठी गरीब राहायला बांधील नाही. तिच्या मुलाला विमानतळावर नोकरी हवी असेल तर ती इच्छा तितकीच आदराची. मला आक्षेप आहे तो पर्याय कसे मांडले गेले याला. पिढ्यान् पिढ्या चांगली शाळा नाही, बटाट्याला भाव नाही, स्वतःची भाषा बोलावी तर हसं होतं. पर्यटनाचा पैसा डोळ्यांसमोरून बसमधून निघून जातो. अशा माणसासमोर सरकार येऊन एकच प्रस्ताव ठेवतं, आणि तोही फक्त जमिनीच्या मालकाला विचारून. पाणी मात्र एकट्या मालकाचं नसतं. पिउरायच्या काठच्या गावांचं आहे, खालच्या शहराचं आहे. पेरूने देशी समाजांच्या हक्कांबद्दलचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १६९ वा करार १९९४ मध्ये स्वीकारला आणि पूर्वसल्लामसलतीचा कायदा २०११ मध्ये केला. सल्लामसलत म्हणजे प्रकल्प ठरल्यावर सही घ्यायला बोलावलेली सभा नव्हे. काय हवं याची यादी करताना विचारणं म्हणजे सल्लामसलत.

असं होऊ शकतं हे पाहायला फार लांब जावं लागत नाही. चिंचेरो ज्या पवित्र खोऱ्याच्या माथ्यावर आहे, त्याच खोऱ्यात पिसाकजवळ काही क्वेचुआ गावांनी आपल्या जमिनी एकत्र करून बटाटा उद्यान उभारलं आहे. बटाट्याच्या हजाराहून अधिक जाती, डोंगराच्या वेगवेगळ्या उंचीवर, तिथे शेतातच जपल्या जातात. लिमात १९७१ पासून आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे. जगातल्या बटाट्याच्या जनुकांचं ते भांडार. या केंद्रातल्या कितीतरी जाती कधीकाळी याच डोंगरांतून गोळा करून नेलेल्या होत्या, आणि गावांतून त्यांतल्या काही नाहीशा झाल्या होत्या. २००४ मध्ये गावांनी केंद्राशी लेखी करार केला. त्यातून सुमारे ४०० जातींचं रोगमुक्त बियाणं गावांना परत मिळालं आणि त्या ज्ञानावरचा गावांचा हक्क मान्य झाला. हवामान तापतंय तशी लागवड डोंगरात वर वर सरकते आहे. कोणती जात कुठे तगते याची नोंद शेतकरी आणि शास्त्रज्ञ मिळून करतात. पर्यटक तिथेही येतात, पण किती आणि कसे हे गावं ठरवतात. हे आपल्यापासून दूरचं वाटू नये. पोर्तुगीज जहाजांतून जो बटाटा आणि जो शेंगदाणा आपल्या किनाऱ्याला लागला आणि आपल्या एकादशीच्या ताटात जाऊन बसला, तो दक्षिण अमेरिकेतल्या अशाच अनाम शेतकऱ्यांनी हजारो वर्षांत घडवलेला आहे. इंकांचं आपल्यापर्यंत पोचलेलं सर्वांत मोठं देणं माचू पिक्चूच्या फोटोत नाही, ते रोज आपल्या पोटात जातं.

अमेरिकन संशोधक बिंगहॅमने १९११ नंतर माचू पिक्चूहून अमेरिकेला नेलेल्या वस्तू परत मिळवायला पेरूने येल विद्यापीठाशी मोठा झगडा केला, २०१० मध्ये करार झाला आणि पुढच्या दोन वर्षांत वस्तू कुस्कोला आल्या. योग्यच झालं. देशाने बाहेरच्यांकडून हक्क मागताना जो न्याय लावला तोच देशाच्या आत लावायला काय हरकत आहे? माचू पिक्चूच्या तिकिटाच्या पैशातला ठरलेला हिस्सा खोऱ्यातल्या आणि हमालांच्या गावांच्या ग्रामसभांकडे थेट जावा. दिवसाची मर्यादा ठरवणाऱ्या समितीत त्या गावांचे प्रतिनिधी मत देणारे सदस्य म्हणून बसावेत. क्वेचुआ बोलणाऱ्या प्रांतांत न्यायाधीश, डॉक्टर आणि शिक्षक यांना ती भाषा आलीच पाहिजे, अशी अट नेमणुकीतच असावी. पेरूला जाणाऱ्या मराठी प्रवाशांची संख्या वाढते आहे. त्यांनीही आपल्या सहल कंपनीला हमालांची मजुरी, ओझं आणि विमा यांबद्दल पैसे भरण्याआधी विचारावं. हा प्रश्न विचारणारे वाढले की उत्तरं द्यावी लागतात, हे हमालांच्या संघटनांनीच दाखवलं आहे.

चिंचेरोची जमीन खणली गेली आहे आणि तो विमानतळ आता परत मातीत जाईल असं मला वाटत नाही. पण दिवसाला किती विमानं उतरतील, पाणी कुठून घेतलं जाईल, भोवतीच्या शेतांवर हॉटेलं उठू द्यायची की नाही, नोकऱ्यांत स्थानिकांचा वाटा किती, हे निर्णय कागदावर अजून बदलता येतात. ते लिमातल्या मंत्रालयाने एकट्याने घेऊ नयेत. पिउरायच्या काठची गावं आणि जमीन विकलेले तिन्ही समाज यांच्या उघड सभांमध्ये, क्वेचुआत, त्यांची चर्चा व्हावी आणि तिथे झालेला नकार बंधनकारक मानला जावा.